थ्रेलफॉल कुठले पाटील

पुण्याच्या विमानतळावर मी बॅग उघडून फरशीवर बसले होते आणि आईने दिलेली गोड्या मसाल्याची पुडी हातात धरून विचार करत होते. धाकटी बहीण सुजा फोनवरून शारजाहून ओरडत होती, "ताई, खसखस असलेलं काही म्हणजे काही आणू नकोस. इथं ती अफूत मोजतात. मसाल्यात असली तरी काढ." आईच्या मसाल्यात खसखस होती आणि अनारशांना तर वरूनच लावलेली होती. मसाला मी कचऱ्याच्या डब्यात टाकला. अनारसे झाडलोट करणाऱ्या बाईंना दिले. त्यांनी तिथेच एक खाऊन बघितला आणि म्हणाल्या, "तूप चांगलंय." आईला हे कळवायचं नाही असं ठरवून मी रांगेत उभी राहिले.

मी निघाले होते मुलगा बघायला. आमच्याकडे मुलगा बघायला पुरुषमाणसं जातात, पण अण्णा म्हणाले, "मला त्येंची भाषा येत न्हाई. तू शिकल्याली हाईस, तू जाऊन ये." आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. तेव्हापासून तलाठी, दवाखाना, वीजमंडळ, जिथे जिथे कुणाशी नीट बोलायचं असतं तिथे मलाच पाठवतात. मी तक्रार करत नाही, मला ते आवडतं. हायस्कुलात भूगोल शिकवते, नकाशा वाचता येतो. पण परदेशी कधी गेले नव्हते.

सुजा दुबईत एका बांधकाम कंपनीत हिशेबाचं काम बघते. तिथल्याच टॉम नावाच्या इंग्रज मुलाशी तिला लग्न करायचं होतं. आडनाव थ्रेलफॉल. तो गोरा आहे हे अण्णांनी दोन दिवसांत पचवलं. पण ते आडनाव त्यांच्या घशात अडकलं. "थ्रेलफॉल म्हंजे काय? कुठलं? घरानं कसलं? ह्ये कळल्याबिगर मी लग्नाला येनार न्हाई," असं त्यांनी सांगून टाकलं. सुजाला अण्णांशिवाय लग्न करायचं नव्हतं. म्हणजे सगळं माझ्यावर आलं होतं. मी जे सांगेन त्यावर अण्णा येणार किंवा येणार नाहीत.

रांगेत माझ्या पुढे उत्तर प्रदेशातला एक सुतार होता. मागच्या खेपेला त्याला काउंटरवरूनच परत पाठवलं होतं, कारण त्याच्या पासपोर्टवर नुसतंच एक नाव होतं आणि अमिरातीत तसं चालत नाही. "अब पीछे बाप का नाम जोड़ दिया है," तो म्हणाला. "इस बार बाप भी साथ चल रहा है."

शारजात उतरल्यावर काचेमागच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला, माझं नाव वाचलं, अण्णांचं वाचलं, 'वाघमोडे'पाशी थोडा थबकला आणि म्हणाला, "यल्ला, गो."

अल नहदा हा भाग म्हणजे उंच इमारतींचं रान. रस्त्याच्या या बाजूला शारजा आणि त्या बाजूला दुबई. सुजा सांगते की पलीकडे भाडं वाढतं आणि अलीकडे ट्रॅफिक. ती फिलोमिना मावशींच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहते. मावशी वसईच्या, आडनाव लोपीस, एका हॉटेलच्या कचेरीत कामाला. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हीच का ती टीचरबाई? ये बाय, चप्पल तिकडे ठेव. पोराला नापास करायला आलीस की पास?"

"अजून पेपर बघितला नाही," मी म्हटलं.

खाली दुकानात कोथिंबिरीची जुडी घेतली तेव्हा मी दिरहॅमचे रुपये केले आणि ती परत ठेवली. मावशींनी ती उचलून पिशवीत टाकली. "इथे रुपयात मोजायला लागलीस तर उपाशी मरशील. पहिले सहा महिने मी नुसती चहा-पाववर होते, खलास."

मला तिथे स्वस्थ बसवत नव्हतं. बाल्कनीत गेलं की समोर दुसरी बाल्कनी, त्यात दुसरं कुणी फोनवर. खोलीत आलं की एसीचा घुरघुराट. मी सकाळी खाली उतरून इमारतीला फेऱ्या मारायचे, पहारेकरी मला रोज विचारायचा, "कुछ खोया है, मॅडम?"

रविवारी टॉम जेवायला आला. उंच, हडकुळा, उन्हाने कान लाल झालेला. "नमस्कार ताई," हे दोन शब्द त्याने इतके जपून उच्चारले की मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मावशींनी कोंबडीचं इंदेल (व्हिनेगर आणि मिरचीचा झणझणीत रस्सा) आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) केले होते. मी त्याच्या समोर बसले आणि सुरुवात केली. माझं इंग्रजी वर्गातलं आहे, सरळ आणि पूर्ण वाक्यांचं. तो तसंच सावकाश उत्तर देत होता.

"मूळ गाव कोणतं?"

"प्रेस्टन."

"ते राहायचं. मूळ?"

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. सुजाने त्याच्याकडे पाहून भुवया उडवल्या. "थ्रेलफॉल," तो म्हणाला. "आडनाव आहे तीच जागा. प्रेस्टनच्या पुढे. आता दोन-तीन शेतघरं आहेत, बाकी काही नाही. आमचं आडनाव फार लोकांचं नाही, आणि आहेत त्यांतले बरेचसे त्याच भागातले."

"म्हणजे सांगोल्याचे ते सांगोलकर, तसं," मी मराठीत म्हटलं.

"हो, अगदी तसंच," सुजा घाईने म्हणाली.

"आणि त्या नावाचा अर्थ?"

"ताई, फुगे गार झाले की चिवट होतात. खा ना आधी," सुजा मध्येच म्हणाली.

मावशी हसल्या. "आमचं लोपीस पाद्रीबाबाने बाप्तिस्मा देताना देऊन टाकलं. अर्थ काय, कुणाला ठाऊक. आजवर कुणाचं अडलं नाही. तू त्याच्या पानात वाढ जरा, बघ कसा बसलाय, सासरी आल्यासारखा."

गाव मिळालं याचंच मला समाधान झालं होतं. त्या दुपारी मी अण्णांना आवाजी निरोप पाठवला. 'आडनाव गावाचं आहे. इंग्लंडात थ्रेलफॉल म्हणून ठिकाण आहे, हे तिथले. मुलगा साधा वाटतो. बाकी घरी आल्यावर सांगते.'

एवढंच बोलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. आवाजात असा थाट मी त्यांच्या बैलाला बक्षीस मिळालं तेव्हा ऐकला होता.

"न्हाव्याच्या दुकानात सांगून आलोय. पावनं गावचं पाटील हायती म्हनून."

"अण्णा, मी असं कुठं म्हटलं?"

"गावाचं नाव आन् घराचं नाव एकच म्हनलीस न्हवं? मग गाव त्येंचंच की. आपल्यात कसं असतंय? तुझ्या आत्यालाबी सांगितलं. ती इचारतीया, जमीन किती हाय."

मी सुजाकडे पाहिलं. ती टूथब्रश तोंडात धरून तशीच उभी होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"टॉम पाटील झाला."

तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. ती मोरीत जाऊन चूळ भरून आली आणि न हसताच ऑफिसला निघून गेली.

पाटलांचं घर बघायला मी दोन दिवसांनी सुजाबरोबर गेले. टॉम इंटरनॅशनल सिटीत राहतो. मला वाटलं होतं, दुबईतला इंग्रज म्हणजे समुद्राकाठचा बंगला. तिथे बुटक्या इमारतींच्या रांगा होत्या, खाली चिनी भाजीची दुकानं, बसथांब्यावर जेवणाचे डबे घेतलेली माणसं. फ्लॅटमध्ये एक केरळचा, एक फिलिपाइन्सचा आणि टॉम, असे तिघं. त्याच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि सायकल. खुर्ची मला दिली, तो सायकलला टेकून उभा राहिला. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, वडील ट्रक चालवायचे. मी जे विचारलं ते त्याने सांगितलं. काही लपवावं असं त्याला वाटतच नव्हतं, आणि त्यानेच मी जास्त अस्वस्थ झाले. या मुलाला आत्या एकर विचारणार होती.

तिथून आम्ही ड्रॅगन मार्टला गेलो. झुंबरांच्या दुकानांमागे झुंबरांची दुकानं. मी आईसाठी डबे बघत होते, मान वर केली तर सुजाही नाही आणि टॉमही नाही. मी हरवले नव्हते, ते मला सापडत नव्हते. शेवटी टॉम धापा टाकत आला, माझ्या हातातले डबे घेतले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही थांबत का नाही? थांबलात तर माणूस शोधू शकतो."

त्या आठवड्याच्या सुट्टीला टॉमने भाड्याने घेतलेल्या गाडीतून आम्ही तिघं हत्ताला गेलो. शहर सुटलं की तासभर वाळू, मग तपकिरी उघडे डोंगर. माझ्या माण तालुक्याची आठवण झाली, फक्त बाभळी नव्हत्या. डोंगराच्या कुशीत खजुराच्या बागा आहेत आणि त्यांना पाणी देणारा फलज (डोंगरातून उताराने आणलेला दगडी पाट). पाटात हात घातला तर पाणी कोमट. बाजूला दगड रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतजमिनी होत्या. पाटाजवळ एक म्हातारे अरब गृहस्थ बसले होते. सुजाने सलाम केला. त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "बिन्त मिन?"

"कोणाची मुलगी, असं विचारतायत," सुजा म्हणाली.

"वाघमोड्यांची," मी सांगितलं.

त्यांनी ओळखीचं घराणं असल्यासारखी मान हलवली आणि मूठभर खजूर दिले.

टॉमला याची गंमत वाटली. "वाघमोडेचा अर्थ काय?" त्याने मला विचारलं. तेव्हा मी त्याला अण्णांची आवडती गोष्ट सांगितली, की आमच्या कुणा पूर्वजाने वाघाचा जबडा नुसत्या हाताने मोडला होता. "वाघ कुणी पाहिलेला नाही," मी म्हटलं, "पण गोष्ट घरात पक्की आहे."

"आमच्यात वाघ नाही," टॉम म्हणाला. सुजाने त्याच्याकडे पाहिलं, पण तो पाटाकडे बघत होता. "फार पूर्वी उत्तरेकडून बोटींतून लोक आले, त्यांच्या भाषेतलं नाव आहे. थ्रेल म्हणजे बांधलेला माणूस. मालकाचा. गुलाम म्हणा. आणि फॉल म्हणजे जिथली झाडं तोडून पाडली ती जागा. कुणाच्या तरी गुलामाने जंगल तोडून जमीन मोकळी केली, त्या जमिनीला त्याच्यावरून नाव पडलं, मग तिथे राहणाऱ्यांना तेच नाव पडलं. तो कोण होता, त्याचं स्वतःचं नाव काय होतं, कुणालाच माहीत नाही. माझ्या आजोबांना मात्र त्याचा अभिमान होता. ते म्हणायचे, बाकीच्यांच्या गावांना मालकांची नावं आहेत, आपल्या गावाला कुऱ्हाडवाल्याचं."

त्याने खजुराची बी पाटात टाकली आणि ती वाहत कुठवर जाते ते बघू लागला. मी सुजाकडे पाहिलं. तिला हे आधीपासून माहीत होतं.

परतताना टॉमने आम्हाला अजमानच्या समुद्रावर सोडलं आणि तो गाडीत पेट्रोल भरायला गेला. आम्ही कडक (दुधात खूप उकळलेला वेलचीचा चहा) घेऊन कठड्यावर बसलो. म्हणजे सुजा बसली. मी येरझाऱ्या घालत होते.

"अण्णांना सांग, जंगलातलं गाव. बस," ती म्हणाली. "खोटं बोल म्हणत नाही मी. अर्धं सांग."

"मी अर्धं सांगत नसते."

"का? अर्धं सांगायची तर आपल्या घरची रीत आहे. आजोबा काय करत होते, सांगितलंय अण्णांनी कधी?"

मी थांबले. आमचे आजोबा इनामदारांकडे सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर बांधलेले. हे आम्हाला शेजारच्या म्हातारीकडून कळलं, अण्णांकडून कधीच नाही. विचारलं तर अण्णा म्हणतात, "शेती करायचा." आमच्या आडनावात वाघ आहे, पण आजोबांच्या हातात आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलांचे कासरे होते. आणि अण्णांना कुणी गडी हा शब्द हाक मारायला जरी वापरला तरी ते उठून जातात.

"म्हणूनच म्हणते," सुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. "पाटील म्हणून गावभर सांगून बसलेत. आता तू जाऊन सांगणार की जावई गुलामाच्या वंशातला. ते लग्नाला येणार नाहीतच, माझं नावसुद्धा घेणार नाहीत. तुझं काय जातंय? तू खरं बोलून मोकळी होशील."

"आणि उद्या तोच सांगेल त्यांना, मांडवात. त्याला लपवता येतं का? मला खुर्ची देऊन स्वतः सायकलला टेकतो तो."

"त्याला मी सांगेन, बोलू नकोस."

"म्हणजे लग्नाआधीच त्याला लाजायला शिकवणार?"

 सुजा चहावर धरलेली साय बोटाने बाजूला करत राहिली. टॉम आला तेव्हा त्याने दोघींची तोंडं पाहिली आणि न विचारता गाडीचं मागचं दार उघडलं.

निघायच्या दिवशी फिलोमिना मावशींनी माझ्या बॅगेत खजूर कोंबले. "मग टीचरबाई, पास?"

"माझ्याकडून पास. वरचा तपासनीस घरी आहे."

"त्याला सांग, वसईची फिलोमिना मांडवात नाचायला येणार आहे. इन्शाल्ला."

विमानतळाच्या दारात सुजाने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुला जे वाटतं ते सांग. पण मला आधी फोन करू नकोस. नंतरच कर." विमानात तीन तास मी वाक्यं जुळवली आणि मोडली. मुलांना अवघड धडा शिकवताना सोपी सुरुवात शोधते तशी शोधली. सापडली नाही.

पुण्याहून एसटीने फाट्यावर उतरले. अण्णा मोटारसायकल घेऊन उभे होते. नव्या धोतराला कडक घडी होती. बॅग पुढे टाकीवर ठेवून त्यांनी मला मागे बसवलं आणि गाडी सुरू करत विचारलं, "मग? किती जमीन हाय म्हनं पाटलाला?"

त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणून बरं झालं. मी त्यांच्या पाठीला सांगितलं. "अण्णा, पाटील नाहीत ते. त्यांचा मूळ पुरुष सालगडी होता. सालगड्याच्याही खालचा, मालकाने बांधून ठेवलेला. त्याने जंगल तोडून रान केलं. त्या रानाला त्याच्यावरून नाव पडलं, तेच त्यांचं आडनाव. टॉमने स्वतः सांगितलं. सुजा म्हणत होती तुम्हाला सांगू नको. मी सांगितलं."

गाडीचा वेग तोच राहिला. पुलाजवळ एक ओळखीचा माणूस हात वर करून गेला, अण्णांनी मान हलवली नाही. घराकडचं वळण आलं आणि गेलं. मी विचारलं, "कुठं निघालो?" त्यांनी गाडी ओढ्याकडे वळवली.

ओढा ओलांडून कच्च्या रस्त्याने आम्ही एका डाळिंबाच्या बागेपाशी थांबलो. तारेचं कुंपण होतं, आत ठिबकच्या नळ्या. हा इनामदाराचा मळा. इनामदारांनी तो कधीच शहरातल्या कुणाला तरी विकला आहे, पण नाव तेच आहे. लहानपणापासून मी इथून शाळेला जायचे. अण्णा उतरले आणि तारेला हात लावून उभे राहिले.

"हितनं त्या चिंचेपातुर समदा खडक हुता," ते म्हणाले. "माझ्या बानं फोडला. पहारीनं. ती खालची ताल दिसतीया न्हवं? येक-येक धोंडा त्येनं लावल्याला. मी पाणी घिऊन यायचो."

ताल म्हणजे शेताच्या उताराला दगडांचा बांध. हत्ताला पाहिला होता तसाच होता, फक्त त्याच्यावर आघाडा माजला होता.

"ह्याला वाघमोड्याचा मळा म्हनल्यालं ऐकलंस कधी कुनाकडनं?"

"नाही."

"आन् त्येंच्यात गड्यावरनं नाव पडलं."

मी भूगोल शिकवते. नकाशावरची गावं मुलांकडून पाठ करून घेते, या गावावरून त्या गावाला रस्ता काढायला लावते. कुणी फोडलं म्हणून ते रान झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकात ते नसतं, आणि आमच्या घरात ते बोलायचं नाही असं होतं. त्यासाठी एका इंग्रज मुलाचं आडनाव आडवं यावं लागलं. पण तेव्हा हे सगळं मला सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त अण्णांच्या हाताकडे बघत होते. तार टोचत असणार, पण त्यांनी हात काढला नव्हता.

"न्हाव्याकडं काय सांगणार?" मी विचारलं.

"जे हाय ते. पाटील न्हाईत म्हनीन. गावाला नाव आसल्याला गडी हाय म्हनीन." त्यांनी तारेवरचा हात काढला. "लग्न हितंच करायचं. ती तिकडची कचेरीतली सही-बिही त्येंनी करावी, पर मांडव हितं. त्याला ही ताल दाखवायची हाय."

"बरं."

"सुजी लग्न झाल्यावर कुठलं आडनाव लावनार?"

"वाघमोडेच. तिने ठरवलंय."

"त्याचं लाव म्हनावं."

"अण्णा, ते तिचं ती ठरवेल."

त्यांनी किक मारली. पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. "ठरवू दे की," ते म्हणाले. "मी म्हनलो एवढं सांग तिला. बस, आय वाट बघत आसंल."